धुवायचा राहिलेला रोल

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. टेम्पोवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला आणि वर आम्हालाच ऐकवलं की कपाट मुळातच लंगडं होतं. बायको त्याच्याशी भांडायच्या पूर्ण तयारीत होती, पण नव्या गावात पहिल्याच दिवशी तमाशा नको म्हणून मी मध्ये पडलो. आता त्या पायाखाली माझा जुना डबा आहे, बारीक स्क्रूंचा. बारा वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली त्याची तेवढीच निशाणी.

घर मात्र झकास. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला लांबट गॅलरी. खाली शिंप्याचं दुकान आहे, त्याचं मशीन दिवसभर खडखडतं. बायकोच्या कपाळाला आठी पडली, पण ठमीला तो आवाज फार आवडला. ठमी म्हणजे आमचं सात वर्षांचं थोरलं अपत्य आणि शेंडेफळ, दोन्ही तीच. तिने गॅलरीतला कोपरा बळकावून तिथे आपला संसार मांडलाय आणि आम्हाला आत यायला परवानगी लागते.

ही वही बायकोने दिली. म्हणाली, तुझ्या पोटात काही राहत नाही, निदान इथे ओकत जा. नोकरी उद्यापासून. समोरच्याच स्टुडिओत, काउंटरवर. रस्ता ओलांडला की कामावर! चष्म्याचं दुकान बंद पडलं तेव्हा वाटलं होतं की आता आपलं काही खरं नाही. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

७ फेब्रुवारी

मालक साठीचे आहेत, काटकुळे, आणि अंगाला कायम आंबूस वास. तो हायपोचा वास म्हणे, म्हणजे फोटो पक्का करायचं औषध. सवय होईल म्हणाले. बायको म्हणते तुझ्याही शर्टाला यायला लागलाय.

मोबाइल आल्यापासून धंदा बसला होता. पासपोर्ट फोटोंवर कसाबसा तग धरून होते. आणि आता गंमत अशी की कॉलेजातली पोरं फिल्मचे कॅमेरे शोधत येतात, तेही प्लास्टिकचे, खेळण्यातले! मालकांनी कुठल्याशा बंद पडलेल्या खेळण्यांच्या दुकानातून एक अख्खं खोकं उचललंय. निळे, हिरवे, लाल कॅमेरे. हातात घेतला तर रिकाम्या साबणाच्या डबीइतका हलका. भिंगसुद्धा प्लास्टिकचं, असं भिंग चष्म्यात बसवलं असतं तर गिऱ्हाइकाने मला बदडलं असतं. अंतर लावायला आकडे नाहीत, चित्रं आहेत: एक माणूस, तीन माणसं, घोळका, डोंगर. मागचं झाकण इतकं ढिलं की काळी चिकटपट्टी लावल्याशिवाय आत उजेड शिरतो. आणि पोरांना नेमकं तेच हवं असतं. उजेडाचे पट्टे, एकावर एक चढलेले फोटो, कडा जळालेल्या. मालक म्हणतात, जन्मभर फोटो बिघडू नयेत म्हणून जिवाचा आटापिटा केला, आता बिघडवण्याचे पैसे मिळतायत.

खोक्याबरोबर एक पत्र्याचा डबा आला होता. त्यात रोल. कंपनीचं नाव नाही, नुसता करडा कागद, फिल्मच्या पाठीला लागून तिच्याबरोबरच गुंडाळलेला. जुने आहेत म्हणून मालक विकत नाहीत. मला म्हणाले, दोन-तीन कॅमेरे घे, हे रोल घे आणि मन मानेल तसे बिघडव. जे चांगलं बिघडेल ते भिंतीवर लावू, पोरं बघतील आणि घेतील. पगार घेऊन खेळायचं! ठमीला सांगितलं तर म्हणाली, मग मी पण येते नोकरीला.

१२ फेब्रुवारी

पहिला रोल शिंप्यावर खर्च केला. मान तिरकी करून सुईत दोरा ओवताना, तोंडात टाचण्या धरून, मापाची फीत गळ्यात. माणूस खुशीत होता. आपला फोटो कोणी काढत नाही म्हणाला, आपण फक्त फोटोसाठी कपडे शिवतो.

मग रस्त्यावर येऊन भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण मुद्दाम जरासं उघडलं आणि पटकन मिटलं. एक, दोन म्हणेपर्यंत. मालकांनी शिकवलेली युक्ती. चोरी करताना पकडलं जावं तशी छाती धडधडली, कारण इतकी वर्षं ऐकत आलो होतो की रोलला उजेड दाखवायचा नसतो.

हा धुवायला मालकांना चार दिवस तरी सवड नाही. लग्नाच्या ऑर्डरी आहेत.

१७ फेब्रुवारी

काल मालकांनी रोल धुतला. काय सुंदर आलाय! शिंप्याच्या मानेवरून खांद्यापर्यंत पांढरा शुभ्र पट्टा, कडेला नारिंगी झाक. मालकांनी मोठा करून भिंतीवर लावला आणि आजच दोन पोरांनी तसाच कॅमेरा घेतला.

एक चमत्कारिक गोष्ट. फोटो दाखवायला खाली गेलो तर शिंप्याच्या मानेवर खरोखरच तसा डाग. बारा तारखेपासूनच आहे म्हणाला, आणि रोज बोटभर वाढत होता. डॉक्टरने कसलीशी ॲलर्जी सांगून मलम दिलंय. काल संध्याकाळपासून वाढायचा थांबलाय आणि कडेने सुकतोय, म्हणून गडी खुशीत. डाग भाजल्यासारखा नाही. पांढरा, गुळगुळीत, त्यावर सुरकुती नाही की केस नाही. जणू तिथली कातडी कोणी पुसून घेतलीय. हात लावला तर कोमट लागला.

फोटो दाखवला तेव्हा तो हसला नाही. मी उगाचच हसलो. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले की मग आता गिऱ्हाइकांना डॉक्टरही पुरवावा लागेल.

२१ फेब्रुवारी

रविवारी बागेत गेलो होतो. निळा कॅमेरा नेला, त्यात करडा रोल घालून. बायकोने साफ नकार दिला, केस धुतलेले नाहीत म्हणून. मग सगळा रोल ठमीवर. झोपाळ्यावर, गवतात लोळताना, जीभ काढून, डोळे तिरळे करून. तळ्याकाठी उभी राहिली तेव्हा अगदी माझ्या आईसारखी दिसली. शेवटच्या दोन-तीन जागा उरल्यात, त्या भरल्या की देईन धुवायला. हा रोल मात्र बिघडवायचा नाही. हा घरासाठी.

आज दुकानात नवा प्रयोग. पोरांकडून कळलं की रोल धुण्याआधी पाण्यात मुरवतात. गरम पाणी, मीठ, लिंबू, भांड्याचा साबण, ज्याला जे सुचेल ते. रंग फुटतात, बुडबुडे उमटतात. मी मालकांचे फोटो काढलेला एक करडा रोल होता, गल्ल्यावर बसलेले, चष्मा कपाळावर चढवून. तोच घेतला. उकळत्या पाण्यात मीठ आणि लिंबू पिळून दुपारभर ठेवला. मालक शेजारी उभे राहून म्हणत होते की माझं लोणचं घालतोयस की काय. आता महिनाभर सुकवायचा, मग धुवायचा.

संध्याकाळी मालक जरा लवकर घरी गेले. अंगाची आग होतेय म्हणाले.

२३ फेब्रुवारी

मालक दवाखान्यात आहेत. मालकीणबाईंचा फोन आला. जाऊन आलो. चेहऱ्यावर, छातीवर, हातांवर फोड आलेत, आणि फोडांच्या आजूबाजूची कातडी सरकते. हो, सरकते. नर्सने हात धरून कूस बदलली तर तिच्या हातमोज्याला चिकटून आली. डॉक्टर मालकीणबाईंना विचारत होते की उकळतं पाणी सांडलं का, कसलं रसायन सांडलं का.

मी तिथून निघालो. दुकानात परत आलो आणि सुकत टाकलेला रोल बघितला. कागद फिल्मला चिकटलाय, सोडवायला गेलं की फिल्मचा वरचा थर कागदाबरोबर येतो.

त्याला परत हात लावला नाही. हात धुतले. पुन्हा धुतले.

२४ फेब्रुवारी

सकाळी ठमीच्या अंगात फ्रॉक घालताना बायकोने मला हाक मारली. डाव्या खांद्यावर डाग. बटणाएवढा. पांढरा, गुळगुळीत, कोमट.

मी ठमीला जवळ घेऊन विचारलं, काल काय काय केलंस, सगळं सांग, बाबा रागावणार नाही. मग म्हणाली की निळ्या कॅमेऱ्यात मी कशी दिसते ते बघायचं होतं. फक्त जराशीच फट उघडली. आत नुसता कागदच होता, मग लगेच लावून टाकलं.

शिंपी, मालक, आणि आता माझी पोर. एकदा योगायोग म्हणालो असतो.

बायको तिला घेऊन डॉक्टरकडे गेलीय. मी कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळला, कापड पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात. कपाटाला कुलूप.

तरीही वाढला. सकाळी बटण होतं, संध्याकाळी माझ्या अंगठ्याखाली मावेना.

२५ फेब्रुवारी

मला खात्री हवी होती. आता वाटतं, खात्री नव्हतीच करायला पाहिजे.

करड्या रोलांपैकी एक लाल कॅमेऱ्यात घातला. माझ्या डाव्या तळहाताचे फोटो काढले. खाली रस्त्यावर जाऊन उन्हात झाकण उघडलं. पूर्ण उघडलं, आणि मिटलं.

कॅमेरा हातातून पडला, कारण हाताला तो धरता येईना. तळहातावर एकही रेघ नाही. आयुष्याची, नशिबाची, कसलीच नाही. नवी कोरी बशी असावी तसा तळहात, आणि बोटं धड मिटत नाहीत. खूप हसू आलं मला, रस्त्यातच. शिंपी दुकानातून बाहेर आला आणि माझा हात बघून परत आत गेला. त्याने शटर अर्धं ओढून घेतलं.

बायकोला सगळं सांगितलं. आधी मला वेड लागलंय म्हणाली. मग मी हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून बघितला आणि खाली बसली. मग म्हणाली, शिंप्याचा थांबला ना? कशाने थांबला?

बायको माझ्यापेक्षा हुशार आहे, नेहमीच होती. शिंप्याचा डाग रोल धुतला त्या दिवशी थांबला. धुऊन, हायपोत पक्का केला, की तो रोल सुटतो आणि माणूसही सुटतो. धुतल्यावर त्याच्या रोलचं टोक मालकांनी कात्रीने कापून टाकलं होतं, तरी त्याला काही झालं नाही. म्हणजे धुवायचा. ठमीचा रोल नीट, न बिघडवता धुवायचा. एवढंच.

मी आजवर एकही रोल धुतलेला नाही.

२६ फेब्रुवारी

रोल धुणारी दुसरी लॅब इथे नाही. पार्सलने पाठवायचा तर रस्त्यात कोण उघडेल, कोण उन्हात ठेवेल. डाग मानेपर्यंत आलाय. कानाची पाळी—

ठमी खेळते, खाते. दुखत नाही म्हणते. पण त्या बाजूने हाक मारली तर तिला ऐकू येत नाही.

मालकांकडे गेलो. ओठ सुजलेत, तरी बोलले. कुठली बाटली आधी, किती वेळ, मग पाणी, मग हायपो. फिल्म चक्रीवर चढवायची, चक्री बंद डब्यात, मग औषध डब्यात ओतायचं. टाकाऊ फिल्म घेऊन डोळे मिटून सराव कर म्हणाले, चक्रीवर चढवणं तेवढं अवघड आहे. मी एवढं का विचारतोय ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं मी दुकान चालू ठेवायला धडपडतोय. मालकीणबाईंना म्हणाले, पोरगा मनापासून काम करतो.

त्यांचं तोंड मला बघवेना. त्यांचा रोलही धुवायला हवा, पण तो उलगडतच नाही. आधी ठमी. मग त्यांचा. असं मी ठरवलंय, आणि जे ठरवलं त्याची लाज वाटते, पण बदलणार नाही.

२७ फेब्रुवारी

सराव. दिवसभर. उजव्या हाताने जमतं, डावा साथ देत नाही. फिल्म अर्ध्यात अडकते. पुन्हा. पुन्हा.

डाग गालावर. आरशात बघून ठमी म्हणाली, बाबा, माझा तीळ कुठे गेला?

उद्या. उद्याच करायला हवं.

२८ फेब्रुवारी, दुपार

डार्करूममध्ये आहे. ठमी सोबत. घरी ठेववेना, डाग कुठवर आलाय ते डोळ्यांसमोर हवं. बायको बाहेर दाराला पाठ लावून बसलीय, कोणी चुकून उघडू नये म्हणून.

दिवा घालवला तशी ठमी रडायला लागली. अंधाराची फार भीती तिला. मग लाल दिवा लावला. डार्करूममध्ये लाल दिवा असतोच, त्यासाठीच तर असतो. कॅमेऱ्याच्या पाठीलासुद्धा आकडा बघायची छोटी खिडकी आहे, तिलाही लालच काच. लाल उजेड रोलला चालत नसता तर कंपनीने दिली असती का?

कॅमेरा उघडला. कागद सोडवला. फिल्म बाहेर काढली, एकही ओरखडा नाही. एवढ्या लहान गोष्टीसाठी देवाचे आभार मानले.

फिल्म चक्रीवर अडकली. सोडवली. परत अडकली. डावी बोटं लाकडाची झालीत. फिल्म टेबलावर ठेवलीय, वेटोळं करून. जरा थांबतो. चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू बसवायच्या आधी हात कापायला लागला की मी चार ओळी लिहायचो, मग हात ठरायचा. म्हणून हे लिहितोय.

ठमी रडायची थांबली. स्टुलावर बसलीय, पाय हलवत. छान उबदार वाटतंय म्हणते, उन्हात बसल्यासारखं.

पुन्हा अडकली. थोडा वेळ थांबतो.

तिच्या मानेवरचा डाग शोधतोय. सापडत नाही. गेला! कडच दिसत नाही कुठे. अजून धुतलाही नाही आणि गेला! बायकोला ओरडून सांगितलं, डाग गेला. ती बाहेर रडायला लागली, मीही. जीव भांड्यात पडला.

नाही.

लाल उजेडात सगळेच गोरे दिसतात. मीही दिसत असेन. आरसा नाही इथे.

डागाची कड दिसत नाही कारण—

जवळ बोलावलं. हनुवटी धरून वर केली. कोमट. भुवया—

तिला विचारलं, ठमी, मी दिसतोय ना? हो म्हणाली. आवाज नेहमीसारखा. ओठ मात्र हलताना—

बाहेर कोणीतरी आलंय. मालकीणबाई. बायकोशी बोलतायत, घाईघाईने. धापा टाकतायत. मालकांनी धाडलंय त्यांना, एक गोष्ट सांगायची राहिली म्हणून. सकाळपासून तेवढंच म्हणतायत म्हणे.

बायको दारातून सांगतेय. फिल्म काढताना मिट्ट काळोख हवा. लाल दिवासुद्धा नको. लाल दिवा नुसता कागदावर फोटो छापताना चालतो, फिल्मला नाही.

परत विचारतेय. दार वाजवतेय. लाल दिवा लावला नाहीस ना?



ठमी म्हणते, बाबा, दिवा नको घालवू. माझ्या बाहीला धरलंय तिने. बोटांना नखं नाहीत.

घालवायला हवा. आत्ता. घालवला की ती मला दिसणार नाही, आणि परत लावेन तेव्हा—